उमेदीचा पत्ता

मिरजेत त्या वर्षी आळस औषधालासुद्धा उरला नव्हता. कचेऱ्यांतले कारकून साडेनऊलाच येऊन कुलूप उघडायची वाट बघत दारात उभे राहत, आणि कुलूप उघडणारा शिपाई त्यांच्याही आधी येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडत असे. तीन पिढ्या खणून ठेवलेला एक रस्ता अकरा दिवसांत असा गुळगुळीत झाला, की म्हाताऱ्या माणसांना आपण दुसऱ्याच गावात आलो असं वाटून ती परत फिरत. कॉलेजातली पोरं परीक्षा संपल्यावरही अभ्यास करत होती, कारण त्यांचा डोस जरा जास्त झाला होता.

सगळी करामत एका पट्टीची. ती कपाळावर बांधायची आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायचं. उठल्यावर माणसाला वाटू लागायचं की काहीतरी चांगलं आता, या घटकेला, दारात येऊन ठेपलंय. काय ते विचारायचं नाही. विचारलं तरी सांगता यायचं नाही. पण त्या ओढीवर माणूस दिवसभर घोड्यासारखा राबायचा. हिलाच लोक उमेद म्हणत. रक्तपेढीत रक्त मिळतं तशी ती उमेदपेढीत मिळे, आणि रक्तासारखीच ती कुणाच्या तरी अंगातून काढलेली असे. पट्टी बांधताना हा दुसरा भाग फारसं कुणी आठवत नसे.

ज्यांच्या अंगातून ती निघे त्यांतला एक होता दस्तगीर शिकलगार. तंतुवाद्यांच्या गल्लीत तो तंबोऱ्यांना जवारी लावायचा.

जवारी म्हणजे काय, हे गल्लीबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर घोडी असते, आणि तिच्या पाठीवरून तारा जातात. ती पाठ कानशीने घासून असा हलका उतार द्यायचा, की तार तिला पुरती टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत नेमकी जागा गाठायची, की एका तारेतून मधमाश्यांचं अख्खं पोळं बोलायला लागतं. केसाएवढं जास्त घासलं की घोडी वाया गेली. कुठं थांबायचं हे मोजपट्टीला कळत नाही. ते कानाला कळतं, आणि कानाच्याही आधी पोटात काहीतरी हलतं: आता येणार, आता. दस्तगीरच्या पोटात ते इतरांपेक्षा चार घासे आधी हलायचं, म्हणून बेळगावपासून पुण्यापर्यंतचे गवई त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे.

पण पोटातली ती गोष्ट तंबोऱ्यापुरती थांबती तर गोष्ट सांगायची वेळच आली नसती. उमेद चढली की दस्तगीरला कुंपण उरत नसे. एकदा त्याने मंगळवेढ्याकडच्या एका माणसाचं भोपळ्याचं सगळं शेत वेलींसकट विकत घेऊन टाकलं आणि आठ फुटी तंबोरा करायला घेतला. झाल्यावर तो दारातून बाहेर निघेना, तेव्हा भिंत पाडली. गल्लीतले लोक सांगतात, तो तंबोरा पहिल्यांदा छेडला तेव्हा स्टेशनात उभी असलेली मालगाडी निघून गेली. ड्रायव्हरला वाटलं आपलंच इंजिन घरघरलं. गल्लीतल्या लोकांचं निम्मं खरं धरायचं. पाडलेली भिंत मात्र दस्तगीरच्या बायकोने, जुलेखाने, स्वतः गवंडी बोलावून बांधून घेतली, तेवढं पुरं खरं.

चार-पाच दिवसांनी उमेद उतरे आणि मग महिना-महिना दस्तगीर भिंतीकडे तोंड करून पडे. कानशी हातात दिली तर ती हातातच राही. असाच एकदा तो कृष्णाघाटाच्या पायऱ्या उतरत गेला आणि शेवटच्या पायरीवर थांबला नाही. जुलेखा मागोमाग होती. तिने त्याला गळ्याएवढ्या पाण्यातून ओढून आणलं, आणि त्या ओढाओढीत शेवाळलेल्या पायरीवर तिचा डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून ती चालली की उजवं पाऊल पडे आणि डावी चप्पल फरशीला घासत मागून येई. टप, घस्स. टप, घस्स. ती उर्दू शाळेत शिकवायची. पोरं तिच्या पाठीमागे तशी चालून दाखवत. तिने एकदा वळून पाहिलं आणि म्हणाली, "चाल जमली, आता पाढे जमवा."

संध्याकाळी साडेपाचला ती गल्लीच्या तोंडाशी पोचली की दस्तगीर हातातली कानशी खाली ठेवून दारात येऊन उभा राही. चढ असो की उतार. उताराच्या दिवसांत तो बोलत नसे, चौकटीला धरून नुसता उभा असे. जुलेखाला त्याचं कधी काही विशेष वाटलं नाही. हातात वह्यांचं ओझं, घोट्यात कळ, आणि हा माणूस दार अडवून. "बाजूला व्हा की," म्हणून ती आत जाई.

घाटावरच्या त्या दिवसानंतर तिने दवाखान्यांच्या गावातला कुठलाही दवाखाना सोडला नाही, आणि शेवटी उमेदपेढीत डॉक्टर अभिनंदन मगदूम यांच्यासमोर जाऊन बसली. मगदूम नदीपलीकडच्या गावचे. शिकायला परदेशी जाऊन आलेले, पण बोलताना अजून उसाच्या फडातले. त्यांनी तिला मेंदूचं चित्र दाखवलं. आत खोल, दोन्ही बाजूंना, शेंगदाण्याएवढा एकेक भाग रंगवलेला होता. त्याला ते दाणाच म्हणत.

त्यांनी समजावलं ते असं. लग्नाच्या पंगतीत बसलात, पानात जिलबी पडली, तर माणसाला वाटतं आनंद आता झाला. दाण्याला तसं वाटत नाही. वाढपी दोन पानं पलीकडे असतो ना, तेव्हा दाणा पेटतो. जिलबी पानात पडली की त्याचं काम संपलं. म्हणजे दाणा सुखाचा नाही, सुखाच्या चाहुलीचा. साध्या माणसाचा दाणा पेटतो आणि विझतो. मन ज्यांचं चढतं-उतरतं, त्यांचा दाणा वेगळा चालतो, आणि त्यांच्यातही दोन प्रकार. पहिल्या प्रकाराचा चढ उंच, आठवडा-आठवडा झोप नाही. त्यांचा दाणा वाढप्याच्या रिकाम्या बुट्टीकडे बघूनही भडकतो. जिलबी, भात, काहीच नाही, त्याला सगळं सारखं. दुसऱ्या प्रकाराचा चढ बेताचा, चार-पाच दिवसांचा, उतार मात्र विहिरीसारखा. आणि त्यांचा दाणा बुट्टीत काय आहे ते नीट बघून पेटतो. जेवढं मोठं, जेवढं आपलं, तेवढा जोरात.

"आम्ही कानामागं एक गाळणी बसवतो, भाभी," मगदूम म्हणाले. "दाण्यातली जास्तीची उमेद ती काढून घेते. चढ गेला की उतार गेला. जो झाडावर चढत नाही तो पडत नाही. आणि काढलेली उमेद दुसऱ्याच्या कामाला येते. पण फक्त पहिल्या प्रकाराची. तिला कसला पत्ता नसतो, कुणालाही चालते. दुसऱ्या प्रकाराच्या लोकांना अजून आम्ही घेत नाही. त्यांना गोळ्या."

गोळ्या दस्तगीर तीन वर्षं घेत होता, आठवण राहील त्या दिवशी. जुलेखाने ते 'फक्त' ऐकलं आणि मनात गाठ मारून ठेवलं.

मग आला फॉर्म. त्यातला प्रश्न: सलग सात दिवस झोपेची गरज न भासता काम केलं आहे का?

आता दर्ग्याच्या उरुसाआधीचा आठवडा मिरजेच्या या गल्लीत कसा जातो, हे माहीत नसलेला माणूस पंचक्रोशीत शोधून सापडायचा नाही. गावोगावचे गवई आपापले तंबोरे घेऊन उतरतात. कुणाला जवारी पाहिजे, कुणाला नवी खुंटी, आणि सगळ्यांना आत्ता. त्या सात दिवसांत गल्लीत कुणीच पाठ टेकत नाही. म्हातारे खुंट्या कोरतात, बायका पॉलिश लावतात, चहावाल्याचं आधण उतरत नाही, आणि गल्लीतला कोंबडा पहाट कुठली हे विसरून दर तासाला आरवतो.

"होय," जुलेखा म्हणाली. "सात दिवस. दरवर्षी."

ते खोटं नव्हतं. उरुसाचं बोलतेय हे सांगावं असं तिच्या जिभेवर आलंही होतं. मग तिला घाटाची ती पायरी आठवली आणि तिने जीभ आवरली. मगदूमांनी 'दरवर्षी'खाली दोन रेघा ओढल्या. परक्या मुलखाचा डॉक्टर असता तर गोष्ट वेगळी. हे लहानपणापासून उरुसाचे पेढे खाल्लेले. पण फॉर्म भरायला बसलेला माणूस गावचा राहत नाही. खाली सही पाहिजे होती. दस्तगीर शेजारच्या खुर्चीत बसून होता, भिंतीकडे तोंड करून. अशा स्थितीत बायकोची सही चालते, असं मगदूमांनी सांगितलं. तिने केली.

गाळणी बसल्यावर पहिले सहा महिने जुलेखाने रोज शुक्रान्याची नमाज पढली. नवरा वेळेवर उठे, वेळेवर जेवे. भाजीत मीठ कमी असेल तरी खाई, जास्त असेल तरी खाई. भोपळ्यांचं शेत नाही, पडलेली भिंत नाही, घाट नाही. शेजारणी म्हणत, तुझं नशीब उघडलं बाई. उघडलं होतंच. साडेपाचला ती घरी येई तेव्हा दारही उघडंच असे, सताड मोकळं, आणि दस्तगीर आत बसून काम करत असे. "बाजूला व्हा की" म्हणायची गरज पडत नव्हती. हे तिच्या ध्यानात यायला दोन महिने लागले. ध्यानात आल्यावरही तिने कुणाला सांगितलं नाही. नवरा दार अडवत नाही, ही काय तक्रार झाली?

तक्रार पहिल्यांदा केली ती मृणालबाई पोंक्ष्यांनी. या सांगलीच्या गायिका. आधी दस्तगीरच्या बापाकडून आणि मग त्याच्याकडून, चाळीस वर्षं इथंच जवारी लावून घेणाऱ्या. त्यांनी ओट्यावर बसून तंबोरा छेडला, डोळे मिटले, पुन्हा छेडला.

"सूर बरोबर आहे हो, दस्तगीरभाई," त्या म्हणाल्या. "पण दार ठोठावतेय आणि घरात कुणी नाही, असं वाटतंय."

दस्तगीरने विचारलं, आणखी घासू का. त्यांनी विचारलं, किती घासाल. तो म्हणाला, तुम्ही सांगाल तेवढं.  मृणालबाईंनी तंबोऱ्याला गवसणी घातली, जुलेखाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि परत आल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग इतरही यायचे थांबले. दस्तगीरला त्याचं दुःख झालं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी तो रोज एक जुनी घोडी घेऊन बसे आणि घासत राही. थांबायचं कुठं हे आता पोटातून कळत नव्हतं, म्हणून घोडी संपली की थांबे.

इकडे पेढीत भलत्याच तक्रारी यायला लागल्या. एका दात्याची एका महिन्याची उमेद एकत्र भरून ठेवत, तिला तिथले लोक गुऱ्हाळाच्या भाषेत घाणा म्हणत. एका ठरावीक दात्याच्या घाण्यातली पट्टी ज्यांनी बांधली, ते लोक कामाला लागण्याऐवजी दाराकडे बघत बसत. जयसिंगपूरचा एक दुकानदार गिऱ्हाईक समोर ताटकळत ठेवून उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. कवठ्याचा एक पैलवान ऐन कुस्तीत मान वळवून आखाड्याच्या फाटकाकडे बघायला लागला आणि चितपट झाला. तरी तो पाठीवर पडल्या पडल्या हसत होता म्हणतात. एका नवरीने मांडवात अंतरपाट दूर होताच नवऱ्याच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे टक लावली, आणि तिकडच्या मंडळींनी त्याचा व्हायचा तो अर्थ काढला. सगळ्यांचं सांगणं मात्र एकच. चेहरा दिसत नाही, नाव कळत नाही. कुणीतरी चालत येतंय. एक पाऊल पडतं, एक घासतं. आणि ते आलं की सगळं ठीक होणार.

मगदूमांनी घाण्याचा क्रमांक काढला, दात्याचं नाव काढलं, आणि खात्री करायला म्हणून त्यातली एक पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधली. मग ते दस्तगीरच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनी त्याला पुष्कळ विचारलं. त्याने प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं आणि एकाही उत्तरातून काही निघालं नाही. असे बोलत असताना साडेपाच झाले.

जुलेखा गल्लीच्या तोंडाशी वळली आणि तिला दारात माणूस दिसला. चौकटीला धरून उभा, मान पुढं काढलेली, चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा. क्षणभर तिच्या पायातली कळ गेली. ती भराभर चालायला लागली, टप घस्स, टप घस्स, आणि जवळ येऊन बघते तो डॉक्टर मगदूम.

"या," ते म्हणाले. "या, या. किती वेळ..."  आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळेना. डोळ्यांत पाणी मात्र आलं होतं. त्यांच्या पाठीमागे, आत, दस्तगीर मान खाली घालून घोडी घासत होता.

"डॉक्टरसाहेब, बाजूला व्हा की," जुलेखा म्हणाली. सवयीने, न ठरवता. ते शब्द स्वतःच्या कानावर पडले तशी ती तिथंच उंबऱ्यावर बसली. तो उजेड तिने ओळखला होता. तो नवऱ्याच्या तोंडावर वर्षानुवर्षं रोज बघितला होता, उताराच्या दिवसांतसुद्धा, आणि दार अडवतो म्हणून त्याला रोज बाजूला सारलं होतं.

मगदूमांनी विचारलं, "भाभी, ते सात दिवस कुठले?"

"उरुसाचे."

मगदूमांनी कपाळाला हात लावला. "उरुसात गल्ली झोपत नाही."

"कुत्रंसुद्धा झोपत नाही."

"मला माहीत होतं की. लहानपणापासून माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," जुलेखा म्हणाली.

मग त्यांनी तिला उरलेलं सांगितलं. दस्तगीरचा दाणा दुसऱ्या प्रकाराचा. तो कशानेही पेटत नव्हता, बुट्टीत काय आहे ते बघून पेटत होता. रोज तिन्हीसांजेला तो एका ठेक्याची वाट बघायचा. कान असे तयार, की गल्लीच्या तोंडाशी पडलेलं पाऊल त्याला घोडीच्या आवाजाआधी ऐकू यायचं, आणि त्याच ठेक्यात दाणा उजळायचा. पेढीला वाटलं, उमेद म्हणजे पाण्यासारखी, कुठल्याही भांड्यात ओता. यांची उमेद पत्र निघाली. पाकीट फोडून आम्ही मजकूर गावभर वाटला, ते म्हणाले, पण पत्ता मजकुरातच होता.

"उताराच्या दिवसांतही होती ती?" जुलेखाने विचारलं.

मगदूमांनी मान हलवली. होती. थोडी होती. त्या दिवसांत दुसरी कुठली नव्हती, तेवढीच होती.

"मग गाळणी काढा. आजच काढा."

"काढायला दहा मिनिटं लागतात," मगदूम म्हणाले. "पण दात्याने स्वतःहून मागायला पाहिजे. कुणी न सांगता. कायदाच आहे. घरचे लोक कधी घाला म्हणतात, कधी काढा म्हणतात, त्यात माणसाचे हाल होतात, म्हणून केला."

"घालताना माझी सही चालली."

"तेव्हा ते काही मागायच्या स्थितीत नव्हते."

"आता आहेत?"

 मगदूम हळूच म्हणाले की तोंडी हो म्हणूनही भागत नाही. काढण्याआधी यंत्रासमोर बसवून विचारतात: तुला हे परत पाहिजे का? दाणा पेटला तर खरी इच्छा, नाहीतर कुणीतरी पढवलंय असं धरतात.

"आणि दाणा तर गाळणीनं दाबून धरलाय."

"होय, भाभी."

जुलेखा हसली. शाळेत एखादं पोरगं गणित सोडवताना भलताच आकडा हातचा धरतं, तेव्हा हसायची तशी. मग ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत ना सगळं? तुम्हाला ते परत पाहिजे का?"

दस्तगीरने कानशी खाली ठेवली. "तू म्हणतेस तर सांगतो, पाहिजे म्हणून."

"मी म्हणते म्हणून नको. तुम्हाला?"

तो मनात शोधायला लागला. माणूस रिकाम्या खिशात किल्ली शोधतो तसा, प्रामाणिकपणे, सगळे खिसे उलटे करून, पण घाई न करता. मग म्हणाला, "मला त्रास काहीच नाही, जुलेखा. तुला आहे का?"

जाताना मगदूमांना तिने ओट्याखाली गाठून एवढंच विचारलं, की ते परत आलं तर घाटही परत येईल का. ते म्हणाले, दोन्ही एकाच टपालाने येतात. ती म्हणाली, बरं झालं तुम्ही खरं बोललात, आता मला झोप येणार नाही, सात दिवस.

पुढचे तीन महिने तिने त्याची इच्छा जागी करायचे सगळे उपाय केले. माळ्यावरून आठ फुटी तंबोऱ्याचा भोपळा खाली काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने त्यात कानशा ठेवायला सुरुवात केली. मुद्दाम सातला घरी आली, आठला आली, एकदा बहिणीकडे कोल्हापूरला जाऊन चार दिवसांनी आली. तो म्हणाला, चहा ठेवू का. यंत्रासमोरही दोनदा बसवून झालं. काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या वेळी परत येताना, रिक्षात, तिच्या मनात चोरासारखा एक विचार आला, की हलला नाही तेच बरं, निदान घाट तरी नाही. त्या विचाराची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

पेढीने मात्र चूक कबूल करून नियमाप्रमाणे सगळं केलं. पत्ता असलेली उमेद दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि फेकायची तर ती माणसाच्या अंगातली, म्हणून ती पत्त्यावर पोचवावी असं ठरलं. दर महिन्याच्या दोन तारखेला जुलेखाच्या नावाने एक खोकं येऊ लागलं. आत तीस पट्ट्या, आणि थंड जागी ठेवावे अशी सूचना. ती खोकी तिने लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवून दिली. दोन महिने उघडली नाहीत.

तिसरं खोकं आलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पाच वाजून गेले होते. दस्तगीर ओट्यावर घोडी घासत होता. जुलेखा आतल्या खोलीत खोकं मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळाने तिने एक पट्टी काढली, कपाळाला बांधली आणि डोळे मिटले.

आधी काहीच झालं नाही. मग पोटात काहीतरी हललं. कुणीतरी येतंय. लांब आहे अजून, गल्लीच्या तोंडाशी, पण येतंय. टप, घस्स. तिला वाटलं आपण कानशी खाली ठेवावी, आणि तिच्या हातात कानशी नव्हती. आजचा दिवस वाईट गेला, कालचाही, भिंतीकडे बघून डोळे शिणले, नदी तिथंच आहे, पण हे एक पाऊल पडतं आणि एक घासतं तोवर उठून उभं राहता येतं. बस, दारापर्यंत जायचं. तिथून ती दिसेल. हातात वह्या असतील, कपाळाला आठी असेल, बाजूला व्हा म्हणेल. तेवढं म्हणाली की आजचा दिवस निभावला.

जुलेखाला इतकी ओढ कधी कुणाची लागली नव्हती. ती उठून दारात गेली आणि वाट बघायला लागली. गल्ली रिकामी होती. ती बाई येईना. येणार कशी, ती तर घरातच होती.

साडेपाचला पाच-सहा मिनिटं उरली असतील. तिने चपला पायात सरकवल्या, कपाळावरची पट्टी तशीच ठेवून, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जवळजवळ पळत गेली. तिथून वळली आणि चालत आली. डावी चप्पल जरा जास्तच घासली. टप, घस्स. टप, घस्स. प्रत्येक पावलाला छातीत उजेड वाढत होता. आली, ती आलीच, हे बघा आली. ती स्वतःच्या दाराशी पोचली, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि म्हणाली, "आले हो."

"बरं," दस्तगीर म्हणाला. मान वर न करता. त्याची घोडी संपत आली होती.

जिलबी पानात पडली की दाण्याचं काम संपतं. कपाळावरची पट्टी गार झाली. जुलेखा चौकटीला धरून तिथंच उभी राहिली, दार अडवून. बाजूला व्हा की, असं म्हणणारं कुणी नव्हतं.